बारनिशी

आण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झाले त्याला आता चौदा वर्षं झाली. नोकरीची पहिली अकरा वर्षं ते बारनिशीला होते. महसूल खात्याशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते, कचेरीत येणाऱ्या आणि कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद जिथं होते ती शाखा म्हणजे बारनिशी. दाराशेजारी टेबल, टेबलावर लांबरुंद नोंदवही, शाईचं पॅड आणि तारखेचा शिक्का. शाळा सुटल्यावर मी आण्णांचा डबा परत न्यायला जायची आणि तासभर तिथंच बाकावर बसून राहायची.

एखादा शेतकरी वारसनोंदीचा अर्ज घेऊन यायचा. त्याला घाई असायची. अर्ज थेट आतल्या साहेबांच्या हातात द्यायचा असायचा. आण्णा म्हणायचे, "आधी इकडं द्या, पावणं." मग कागद तळहातानं सरळ करायचा, शिक्का मारायचा, शिक्क्यात लाल शाईनं क्रमांक घालायचा. तोच क्रमांक नोंदवहीत, पुढं तारीख, कुणाकडून आला, विषय काय, कुठल्या टेबलाला गेला. शेवटी पोच. तो माणूस पोचेच्या चार घड्या करून टोपीच्या आत ठेवायचा. आत त्या कागदाचं पुढं काय होईल हे आण्णांच्या हातात नव्हतं. पण दोन महिन्यांनी तो माणूस परत आला तर "असा अर्ज आलाच नाही" असं त्याला कुणी म्हणू शकत नव्हतं.

आतल्या टेबलाकडं स्वतःचं कार्यविवरण असायचं, तिथंही नोंद व्हायची. पण पहिली नोंद व्हायची ती ज्याला त्या कामाशी काही देणंघेणं नाही अशा माणसाच्या हातची. यातलं शहाणपण मला कळायला चाळिशी उजाडावी लागली, आणि ते कळलं तेव्हा एका माणसाचं नुकसान होऊन गेलं होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडं एका पतसंस्थेचं पिग्मीचं काम होतं. पिग्मी एजंट संध्याकाळी बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरतात, कुणाकडून पन्नास, कुणाकडून दोनशे रुपये गोळा करतात आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये तिथल्या तिथं नोंद करतात. ती नोंद आमच्या सर्व्हरवर यायची, सर्व्हर ती डेटाबेसमध्ये जमा करायचा, आणि मग काय काय घडलं त्याची एक ओळ स्वतःच्याच डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहायचा. त्या फाइलला आम्ही लॉग म्हणायचो. सगळेच म्हणतात.

एका संध्याकाळी ती डिस्क भरली. भरली ती त्याच लॉग फाइलनं. कुणीतरी तपासणीसाठी बारीकसारीक तपशील लिहायची पातळी चालू केली होती आणि बंद करायची राहिली होती. फाइल दिवसेंदिवस फुगत गेली. मग जे झालं ते आम्हाला नंतर कोड वाचून उमगलं. नोंद डेटाबेसमध्ये जमा होत होती, कारण डेटाबेस वेगळ्या मशीनवर होता. त्यानंतर लॉगची ओळ लिहायला जावं तर डिस्कवर जागा नाही. ओळ लिहिता आली नाही म्हणून सर्व्हर फोनला सांगायचा की काम झालं नाही. फोन बिचारा तीच नोंद पुन्हा पाठवायचा, आणि ती पुन्हा जमा व्हायची. आठवण ठेवायला नेमलेल्या फाइलनंच काम बिघडवलं होतं.

त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या मुलानं, जे कुणीही केलं असतं तेच केलं. मोठी फाइल शोधली आणि उडवली. तरी डिस्क भरलेलीच दिसत होती. युनिक्स घराण्यातल्या यंत्रणांची (आमच्या सर्व्हरवरचं लिनक्स त्यातलंच) ही रीत आहे: चालू प्रोग्रामनं एखादी फाइल उघडून धरलेली असेल तर तुम्ही तिचं नाव पुसता, ती फाइल मात्र तशीच राहते. प्रोग्रामनं हात सोडला की मगच जागा मोकळी होते. आमच्या मुलानं अकरा मिनिटं वाट पाहिली, मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. जागा झाली, सगळं सुरळीत झालं, त्यानं ग्रुपवर अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि झोपला.

ती अकरा मिनिटं मला आजही टोचतात. तेवढा वेळ ती फाइल जिवंत होती. लिनक्समध्ये प्रोक नावाच्या फोल्डरात प्रत्येक चालू प्रोग्रामच्या हातात कुठल्या फाइली आहेत ते दिसतं, आणि नाव पुसलेली फाइलसुद्धा तिथून सबंध उचलून घेता येते. एका ओळीचं काम. आम्हाला कुणालाच ते तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका एजंटच्या हिशोबात ३,४०० रुपये कमी आले. कमी म्हणजे, सिस्टिम सांगत होती त्यापेक्षा त्यानं भरलेली रोकड ३,४०० रुपयांनी कमी होती. साठीच्या आसपासचा माणूस, बावीस वर्षं पिग्मी गोळा करणारा. तो म्हणत होता, मी एकदाच बटण दाबलं, फोनवर नुसतं गोल गोल फिरत होतं. डेटाबेसमधल्या नोंदीत नुसती तारीख होती, वेळ नव्हती. त्यामुळं दोन नोंदी चार सेकंदांच्या अंतरानं आल्या की चार तासांच्या, हे सांगता येत नव्हतं. एका दुकानदाराकडून दिवसातून दोनदा पैसे घेतलेच जात नाहीत असंही नव्हतं.

पुसलेल्या फाइलमध्ये त्याच्या त्या दुबार नोंदींच्या ओळी नसत्याच मिळाल्या, कारण जागा संपल्यावर काही लिहिलंच गेलं नव्हतं. पण एक गोष्ट मिळाली असती, शेवटच्या ओळीची वेळ. ती ओळ सव्वासातची आहे आणि हा माणूस साडेसातला बाजारात उतरला, एवढं दाखवता आलं असतं तरी त्याची बाजू उभी राहिली असती. आम्ही संस्थेला पत्र लिहिलं, चूक बहुधा आमच्या प्रणालीची आहे असं त्यात सरळ मान्य केलं. संस्थेच्या समितीनं विचारलं, "नोंद आहे का?"

नव्हती. त्याच्या कमिशनमधून पैसे कापले गेले. आम्ही ते भरून द्यायला तयार होतो, पण तो घेईना. म्हणाला, "पैशांचं नाही हो मॅडम, वहीत माझं नाव खराब झालं."

त्या महिन्यात मी गावी गेले होते तेव्हा आण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे तुमच्याकडं ज्या टेबलाचं काम, त्याच टेबलाच्या खणात त्याची बारनिशी?"

परत आल्यावर आम्ही सिसलॉगच्या कामाला लागलो.

सिसलॉग हे काही नवं प्रकरण नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन सेंडमेल नावाचा टपाल वाहणारा प्रोग्राम लिहीत होते, त्याच्या नोंदी ठेवायला म्हणून त्यांनी हे वेगळं काढलं. पत्र कुठून आलं, कुठं गेलं, पोचलं की अडलं. म्हणजे मुळात आवक-जावकच! मग त्याच मशीनवरच्या बाकीच्या प्रोग्रामांनाही ते सोयीचं वाटलं आणि हळूहळू सगळ्या युनिक्सनं ते उचललं. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक प्रोग्रामनं आपापली वही ठेवायची नाही. एक वेगळा सेवक सदैव बसलेला असतो, त्याच्या खिडकीत ओळ टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. ती ओळ कुठल्या फाइलमध्ये लिहायची, दुसऱ्या मशीनवर पाठवायची का, किती दिवस ठेवायची हे तो सेवक बघेल. आजच्या लिनक्सवर ही खिडकी म्हणजे डेव्ह फोल्डरातलं लॉग नावाचं सॉकेट. तिच्यामागं बहुतेक ठिकाणी जर्नल-डी हा सेवक बसलेला असतो, लिनक्सचा कारभार सांभाळणाऱ्या सिस्टम-डी घराण्यातला, आणि त्याच्या जोडीला बऱ्याचदा आर-सिसलॉग, जो रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ साली लिहायला घेतला.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा असतो. आमच्या पहिल्या चाचणीच्या ओळीवर १५५ होता. हा आकडा कसा फोडायचा हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला शिक्क्यातला लाल आकडा आठवला. १५५ ला ८ नं भागा. भागाकार १९, बाकी ३. १९ म्हणजे कुठल्या खात्याची नोंद, आणि ३ म्हणजे किती गंभीर. एका आकड्यात दोन्ही.

खात्यांची यादी वाचण्यासारखी आहे. शून्य म्हणजे कर्नल, खुद्द यंत्रणेचा गाभा. दोन म्हणजे टपाल. चार म्हणजे कोण आत आलं, कोणाला दारातून परत पाठवलं याच्या नोंदी. सहा म्हणजे प्रिंटर. सात म्हणजे नेटवर्कवरच्या बातम्यांची जुनी चर्चास्थळं, आठ म्हणजे यूयूसीपी, टेलिफोनच्या तारेवरून एका मशीननं दुसऱ्याला रात्री फोन लावून टपाल देण्याची पद्धत. ती आता कोण वापरतं? पण तिचं खातं अजून आहे. जुन्या कचेरीत बंद झालेल्या योजनेची पाटी दारावर तशीच असते ना, तसं. आणि शेवटी १६ ते २३ ही आठ खाती रिकामी ठेवलेली आहेत, लोकल शून्यपासून लोकल सातपर्यंत. ती तुमची आमची. लोकल सात बऱ्याच ठिकाणी मशीन सुरू होतानाच्या नोंदींना किंवा नेटवर्कच्या उपकरणांना दिलेलं असतं, म्हणून आम्ही पिग्मीसाठी लोकल तीन घेतलं. आधीच ठरवून एका कागदावर लिहून ठेवलं, कारण दोन वेगवेगळी कामं एकाच खात्यात पडली की पुढं खतावणी करताना रडायची वेळ येते.

रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द आता फारसे कानावर पडत नाहीत, पण सिसलॉगची रचना समजून घ्यायला याहून नेमके शब्द मला सापडलेले नाहीत. जसं घडेल तसं घडल्या क्रमानं लिहायचं ती रोजकीर्द. मग खात्यावार वेगळं काढायचं ती खतावणी. ॲप्लिकेशननं रोजकीर्दीपुरतं लिहावं, खतावणीचं काम सेवकावर सोडावं.

गांभीर्याच्या पातळ्या आठ. शून्य सगळ्यात वाईट, सात सगळ्यात किरकोळ. शून्य म्हणजे यंत्रणाच बसली, आणि बहुतेक ठिकाणी ती ओळ त्या मशीनवर हजर असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटते. एक म्हणजे आत्ताच्या आत्ता हात घाला. दोन म्हणजे संकट. तीन चूक. चार इशारा. पाच लक्षात घेण्याजोगं. सहा माहिती. सात तपासणीपुरतं. वाचायला सोपं आहे. वापरताना माणसाचा स्वभाव आडवा येतो. आमच्या जुन्या कोडात सगळंच चूक म्हणून लिहिलेलं होतं. एजंटनं चुकीचा पासवर्ड घातला, चूक. दुकानदाराचा खातेक्रमांक सापडला नाही, चूक. डेटाबेसच बंद पडला, तीही चूक. दिवसाला हजारो चुका पडत होत्या, त्यामुळं त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

आम्ही एक अख्खा आठवडा ओळीओळीवर बसलो. चौघंजण, एक पडदा. ही ओळ कोण वाचणार? कधी वाचणार? वाचून त्यानं काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती ओळ तीनची असू शकत नाही. चुकीचा पासवर्ड सहा झाला. त्याच एजंटनं पाच मिनिटांत वीसदा चुकवला तर चार. डेटाबेस न सापडणं दोन. हा आठवडा कुठल्याही अहवालात काम म्हणून दिसला नाही. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी केलेल्या कामांपैकी हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

ओळीचा मजकूरही बदलला. आधी असायचं "नोंद अयशस्वी". कुठली नोंद, कुणाची, का? रात्री तीन वाजता उठवलेल्या माणसाला त्या दोन शब्दांचा काय उपयोग? आता ओळीत विनंतीचा क्रमांक असतो, एजंटचा कोड असतो, कुठल्या पायरीवर अडलं ते असतं. खातेदाराचं नाव नसतं, मोबाइल नंबर नसतो, ओटीपी तर नाहीच नाही. इथं मी फार कडक आहे. लॉग हे असं ठिकाण आहे जिथं गुपितं नकळत साठतात. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरनं आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, ते अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले गेल्यामुळंच. आण्णा नोंदवहीत विषय लिहायचे, "वारसनोंदीबाबत". आतला घरगुती तंटा कधी उतरवायचे नाहीत.

प्रत्यक्ष जोडणी करायला बसलो तेव्हा पहिला दिवस पूर्ण वाया गेला. आमचा सर्व्हर पायथन या भाषेत लिहिलेला होता. पायथनच्या लॉगिंगमध्ये सिसलॉगसाठी तयार हँडलर, म्हणजे ओळी पोचवणारा भाग, मिळतो. काही न सांगता तो वापरला तर तो त्याच मशीनच्या ५१४ नंबरच्या पोर्टवर यूडीपीनं ओळी पाठवतो. आमच्या मशीनवर त्या पोर्टवर कुणी ऐकायलाच बसलेलं नव्हतं. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पेटीत टाकलं की टाकणाऱ्याचं काम संपलं, पोचलं का हे कुणी सांगत नाही. प्रोग्राम आनंदात पाठवत होता, ओळी हवेत विरत होत्या, चूक कुठंच दिसत नव्हती. पत्ता बदलून डेव्ह-लॉगचा दिला, खातं लोकल तीन दिलं. ते दिलं नसतं तर सगळं युजर नावाच्या सामायिक खात्यात गेलं असतं. मग आधी प्रोग्राम बाजूला ठेवून हातानंच लॉगर ही सिसलॉगला एक ओळ पाठवणारी आज्ञा चालवली. लोकल तीन, पातळी सहा, मजकूर "पोचलं का". दुसऱ्या खिडकीत फाइल उघडी ठेवली होती. तिच्यात तारीख, वेळ, मशीनचं नाव आणि पुढं "पोचलं का" उमटलं. मला खरोखर भरून आलं.

पण ही नोंद अजून त्याच मशीनवर होती. टेबल बदललं होतं, खोली तीच.

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक सापडला. त्या फरकामागं जाता जाता त्याला एक घुसखोर सापडला. घुसखोराकडं मशीनचे सगळे अधिकार होते, म्हणजे मशीनवरची कुठलीही नोंद तो खोडू शकत होता. स्टोलनं मग बाहेरून येणाऱ्या तारांवर प्रिंटर बसवले. घुसखोर जे जे टंकत होता ते शेजारच्या कागदावर उमटत होतं, आणि कागदापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. नोंद दुसऱ्याच्या घरी असणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

आमचा प्रिंटर म्हणजे एक वेगळं छोटं मशीन. नोंदी घेणं एवढंच त्याचं काम, आणि ॲप्लिकेशन चालवणाऱ्या आमच्यापैकी कुणालाही तिथं काही पुसायचा अधिकार नाही. आर-सिसलॉगमध्ये दूरच्या मशीनचा पत्ता देताना त्याच्यापुढं ॲट द रेटचं चिन्ह घालतात. एक चिन्ह घातलं तर यूडीपी, दोन घातली तर टीसीपी. पोस्टकार्ड आणि रजिस्टर्ड पत्र यांत फरक फक्त एका चिन्हाचा, आणि इंटरनेटवरचं नमुन्याचं उदाहरण आंधळेपणानं उचललं तर तो निसटतो. आम्ही शेवटी टीएलएस वापरून ६५१४ पोर्टवर पाठवायला लागलो, म्हणजे वाटेत कुणी वाचूही शकत नाही.

रजिस्टर्ड पत्राचीही एक अडचण आहे, आणि ती चाचणीत कळली हे नशीब. समोरचं मशीन बंद केलं. ओळी साठायला लागल्या. रांग स्मृतीत होती, ती भरली. भरल्यावर सेवक घ्यायचा थांबला, आणि मग त्याच्या खिडकीत ओळ टाकायला आलेला आमचा सर्व्हरही तिथंच उभा राहिला. पिग्मी बंद! मूळ आजार नव्या रूपात समोर आला होता, नोंद घेता येत नाही म्हणून काम अडलं. यावर उपाय आहे, रांग डिस्कवर उतरू देणं, तिला मर्यादा घालणं, आणि समोरचा परत येईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहायला सांगणं. मर्यादाही संपली तर किरकोळ ओळी आधी टाकून द्यायच्या. पातळ्या नीट लावलेल्या नसतील तर किरकोळ कुठल्या हे त्याला कसं कळणार? तो आठवडा इथं कामी आला.

बाकीचे खाचखळगे भराभर सांगते. जुन्या पद्धतीच्या ओळीत, जी २००१ साली आरएफसी ३१६४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवलेले क्रमांकित दस्तऐवज) लिहून ठेवली गेली, तारीख असते पण वर्ष नसतं, आणि घड्याळ कुठल्या देशाचं तेही नसतं. आमचं एक मशीन भारतीय वेळेवर आणि दुसरं साडेपाच तास मागं होतं, त्यामुळं उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखं दिसत होतं. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये पूर्ण तारीख, वेळ आणि वेळेचा फरक असतो, आम्ही ती पद्धत घेतली. एखाद्या चुकीबद्दलचा लांबलचक मजकूर अनेक ओळींचा असेल तर मधल्या नव्या ओळीच्या खुणेच्या जागी आर-सिसलॉग # चिन्हापुढं ०१२ लिहितो, ते बघून घाबरू नये. जर्नल-डी एकाच प्रोग्रामकडून थोड्या वेळात फार ओळी आल्या की पुढच्या दाबून टाकतो, किती दाबल्या ते मात्र प्रामाणिकपणे लिहितो. आणि एक खास आपल्यासाठी: जुन्या पद्धतीत ओळीची कमाल लांबी १,०२४ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. म्हणजे मराठीत लिहिलं तर तीनशे चाळीसच्या आसपास चिन्हं, आणि कधी कधी अक्षर मधोमध तुटतं. तरीही मी ओळी मराठीत लिहिते. आमच्याकडं रात्रपाळीला बसणारी मुलं सातारची, नांदेडची आहेत. झोपेतून उठून वाचायचं तर आपल्या भाषेत पटकन कळतं.

किती दिवस ठेवायचं हा प्रश्न आता सरकारनंच सोडवला आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे सगळ्या यंत्रणांचे लॉग सलग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, आणि घड्याळं एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. आमच्या क्षेत्रात यावर बरीच कुरकुर झाली. मला हे योग्य वाटतं. कचेरीत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अ म्हणजे कायम जपायचे, ड म्हणजे लवकर नष्ट करायचे. कुठला कागद कधी फाडायचा याचा निर्णय फाडणाऱ्याच्या मनावर सोडलेला नसतो.

सगळं बसल्यावर साधारण सात महिन्यांनी पुन्हा एक रात्र आली. यावेळी कारण वेगळं होतं, क्लाउडवरचं एक मशीन अचानक गेलं आणि त्याच्या जागी आपोआप दुसरं उभं राहिलं. जुन्या मशीनची डिस्कही गेली. सकाळी एका एजंट बाईंचा फोन आला, सहाशे रुपयांची नोंद दिसत नाही, दुकानदाराला पोच गेलेली नाही. मी नोंदींचं मशीन उघडलं. गेलेल्या मशीनच्या ओळी तिथं होत्या. सात वाजून बावन्न मिनिटं आणि सहा सेकंदांनी विनंती आली. सातव्या सेकंदाला डेटाबेसकडं पाठवली. मग काही नाही. पुढची ओळ नव्या मशीनच्या नावानं, सात पंचावन्नची.

मी ते पान छापलं, संस्थेला पाठवलं, आणि समितीनं बाईंचं म्हणणं मान्य केलं. त्याच पाकिटात मी एक जुनं पत्रही पुन्हा जोडलं, त्या ३,४०० रुपयांचं. यावेळी सोबत कोडचा तो भाग आणि तीच चूक चाचणीत पुन्हा घडवून दाखवलेल्या ओळी, वेळेसकट. संस्थेनं त्या माणसाचे पैसे परत केले. वहीत शेरा दुरुस्त झाला की नाही ते त्यांनी कळवलं नाही, म्हणून मी स्वतः जाऊन बघून आले. झाला होता.

दिवाळीत गावी गेले तेव्हा ते छापलेलं पान आण्णांसाठी घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावला, पान मांडीवर घेऊन तळहातानं सरळ केलं. बोट ओळीवरून फिरवत गेले. "ही तारीख. ही वेळ. हे कुणाकडून?"

"ते मशीनचं नाव, आण्णा. त्याच्यापुढं ॲपचं."

"बरं. हा विषय." मग बोट परत ओळीच्या सुरुवातीला आलं. "आणि आवक क्रमांक?"

मी विनंतीचा क्रमांक दाखवला. त्यांनी मान हलवली. "तो अर्जाचा. मी तुझ्या वहीचा विचारतोय. एक, दोन, तीन, चार. मधलं पान कुणी फाडलं तर तुला कळणार कसं?"

मी गप्प बसले. वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री आरएफसी ५४२४ पुन्हा उघडली. आहे. मेटा नावाच्या विभागात सिक्वेन्स-आयडी म्हणून जागा आहे, पाठवणाऱ्यानं प्रत्येक ओळीला चढता क्रमांक द्यायचा, एकपासून सुरू. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस आला तर बेचाळीस वाटेत हरवला. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही तो चालू केला आणि लॉगर लावून बघितलं. पातळी सहा, लोकल तीन, क्रमांक १. मजकुराच्या जागी काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, "आवक".

पडद्याचा फोटो काढून आण्णांना पाठवला. दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "दिसलं. आता दोन नंबर कधी येतोय ते बघ."

तोवर चारशे झाले होते.